यादीबाहेरची चूल

वन्सं, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर रागावलेलीच आहे. तुमच्या मदतकार्याच्या संस्थेच्या अंकासाठी तुमच्याविषयी लिहून द्या म्हणून मला सांगितलंय. सोबत एक तक्ताही पाठवलाय, जन्म, शिक्षण, नोकरी, समाजकार्य, पुरस्कार. शाळेच्या ऑफिसात उभी हयात तक्ते भरण्यात गेली माझी, हाही डोळे मिटून भरला. पण भरून झाल्यावर बघते तर तुम्ही त्यात कुठेच नाही. मग तो बाजूला ठेवला आणि जे आठ महिने तुमच्याशी बोलायचं टाळलं, ते लिहायला बसले. अंकात घेतलं तर घेतील, नाही तर राहू दे.

तुम्हाला वन्सं म्हणणारी मी ठाणे जिल्ह्यातली बहुधा शेवटची भावजय असेन. नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला नावानं हाक मारायची नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पुढे सगळीकडे ताई झालं, मी मात्र वन्संच धरून ठेवलं, कारण तुम्ही त्यावर चिडायचात. ‘मला ऐंशीची करून टाकतेस तू,’ म्हणायचात. आणि स्वतः ‘सुलभे’ अशी हाक मारायचात की शेजारच्या बिल्डिंगमधल्या सुलभानंही ओ द्यावी. तुमच्या भावाचा आपल्या दोघींच्या मध्ये न पडण्याचा नियम होता. तो माणूस आपल्यापेक्षा शहाणा.

तुमच्या कामाशी माझा पहिला संबंध आला तो घेणारी म्हणून. हे अंक वाचणाऱ्या कुणाला माहीत नसेल. सगळे समजतात की तुमची वहिनी रिटायर झाली आणि सेवा करायला आली. कसली सेवा. डोंबिवलीत एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला त्या दुपारी मी कुकर लावत होते. आधी वाटलं कुकरच फुटला. मग हॉलच्या खिडक्यांच्या सगळ्या काचा घरात आल्या. तुमचा भाऊ सोफ्यावर बसल्या जागी थिजला होता आणि त्याच्या डोक्यावर काचांचा चुरा. तो केसांतून हात फिरवायला गेला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

दोन तास फोन वाजत होता. ‘काही लागलं तर सांगा हं.’ काय लागतंय ते मला तरी कुठे कळत होतं. तुम्ही विचारलं नाहीत. ठाण्याच्या वर्तकनगरहून संस्थेच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आलात आणि दारातूनच जाड तळाच्या रबरी चपलांचे दोन जोड आत सरकवलेत. ‘आधी पायांत घाला, मग रडा.’ मागून खराटे, गोणपाट, जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टीची रिळं आली. आभाळ भरून आलं होतं. पाऊस यायच्या आत खिडक्या बंद व्हायला हव्यात, हे त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाला सुचलं नव्हतं. मी तांदळाचा उघडा डबा घेऊन बसले, म्हटलं निवडून घेईन. तुम्ही डबा माझ्या हातातून काढून घेतलात. ‘काच निवडता येत नाही सुलभे,’ इतकंच बोललात आणि तांदूळ गोणपाटात ओतलात.

तेवढ्यात कुठल्याशा मंडळाचे लोक बिस्किटांचे पुडे घेऊन आले. चांगली माणसं होती, धावून आली होती. त्यातला एक म्हणाला, ‘वहिनी, जरा पुढे या, देताना एक फोटो घेतो.’ घर स्वतःचं, पेन्शन चालू, आणि मी विस्कटलेल्या केसांनी बिस्किटाच्या पुड्यासाठी हात पुढे करून उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही शांतपणे मध्ये येऊन उभ्या राहिलात. त्या माणसाला म्हणालात, ‘बसा दोन मिनिटं, दमलात. सुलभे, चहा टाक सगळ्यांना.’ गॅस तपासून झालेला होता. मी चहा टाकला. ते लोक आमच्या फुटक्या घरात बसून माझ्या हातचा चहा प्यायले आणि फोटोचं विसरून गेले. त्या एका चहानं मी परत माझ्या घराची बाई झाले. हे उपकार मी तुम्हाला कधी बोलून दाखवले नाहीत, कारण बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, चहा पाणचट होता.

महिन्याभरात मी तुमच्या गोडाऊनमध्ये कपडे निवडायला येऊ लागले. बाप रे, लोक काय काय देतात. पूरग्रस्तांसाठी म्हणून कोट, लग्नातल्या रेघारेघांच्या शेरवान्या, एका पायाचा बूट. तुमचा नियम होता, जे शेजारणीला देताना आपण मान खाली घालू ते इथून बाहेर पडायचं नाही. मी साड्यांच्या चवडी लावल्या, रंगांप्रमाणे, मोठ्या हौसेनं. तुम्ही बघितलंत आणि विचारलंत, ‘परकर?’ मी म्हटलं, परकर कोण देतो. ‘मग ही साडी ती बाई नेसणार कशावर?’ त्यानंतर आपण परकर शिवूनच घ्यायला लागलो. त्यांत नाड्या ओवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कुरकुरले की नाडी वेगळी ठेवू, ज्याची तो ओवेल. तुम्ही म्हणालात, जिचं घर वाहून गेलं ती नाडी ओवायला पिन शोधत बसेल का. मी ओवत बसले. बोटं दुखायची. पण नंतर एकदा महाडकडे एका शाळेत बायकांना ते परकर दिले, तेव्हा एका आजीनं नाडी ओढून बघितली आणि माझ्या गालाला हात लावला. परतताना गाडीत मी रडले ते तुम्ही बघितलंत आणि खिडकीबाहेर बघत बसलात.

आता मुद्द्यावर येते. टाळायचं म्हटलं तर तुमच्या चांगल्या आठवणी पुस्तकभर आहेत.

तुमची यादी करायची एक पद्धत होती आणि ती मला कधीच पटली नाही. सामान जायच्या आदल्या दिवशी दोघींनी रिकाम्या हातानं जायचं. घरोघरी फिरायचं. दारावरचा नंबर लिहायचा नाही, रेशनकार्ड मागायचं नाही. आत जाऊन बाईला विचारायचं, ‘काल कुठे शिजवलंत?’ आणि जितक्या चुली तितकी नावं. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे निघालेले असतात, सासू एकटी पोटमाळ्यावर स्टोव्ह लावून असते, हे दारावरच्या नंबरात येत नाही, असं तुमचं म्हणणं. मी म्हणायची, वन्सं, उद्या सामान मिळतंय म्हटल्यावर सगळ्या एका रात्रीत वेगळ्या चुली मांडतील. तुम्ही म्हणायचात, मांडू देत. आपला वाद तिथेच थांबायचा, कारण यादी तुम्ही करायचात.

मागच्या पावसाळ्यात कल्याणच्या खाडीकाठच्या त्या वस्तीत पाणी शिरलं तेव्हा तुम्ही तापानं पडला होतात. म्हणालात, यंदा यादी तू कर. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी वस्तीतल्या एका माणसाकडून घरांच्या नंबरांचा कागद मिळवला, त्यावरून सुवाच्य अक्षरात यादी केली आणि नियम लावला, एक दार एक किट, म्हणजे शिध्याची एक पिशवी. आदल्या दिवशी फिरले, पण उंबऱ्यापर्यंत. आत चिखल होता आणि मला पाय भरवायचे नव्हते. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते आहे.

वाटप दोन तासांत उरकलं. ना ढकलाढकली, ना वादावादी. शेवटी एक बाई आली, पन्नाशीच्या आतबाहेरची, साडीचा काठ अजून चिखलानं कडक झालेला. म्हणाली, ‘माझं नाव नाय पुकारलं.’ मी घर विचारलं, यादीत बघितलं. त्या दाराचं किट तिच्या दिराच्या नावावर गेलं होतं. ती म्हणाली, ‘मी मागं पडवीत असते. माझं वेगळं हाय.’ मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं, ‘तुमच्या घराला मिळालंय हो बाई. घरातल्या घरात वाटून घ्या.’ तिची जाऊ तिथेच उभी होती, किट काखेत धरून.  ही बाई ‘बरं’ म्हणाली आणि निघून गेली. टेम्पोत चार किटं उरली होती.

संध्याकाळी मी वर्तकनगरला तुमच्याकडे आले, शाबासकी घ्यायला. तुम्ही उशीला टेकून यादी बघितलीत आणि एकच विचारलंत. ‘यादीबाहेरचं कुणी आलेलं?’ मी सांगितलं, एक आलेली, पण तिच्या दिराला मिळालंय. तुमचा चेहरा उतरला.

‘ती शिजवते कुठे, विचारलंस?’

‘वन्सं, नियम म्हणजे नियम. एकीला दिलं की दहा उभ्या राहतात.’

‘राहू देत ना. दहा जणींनी फसवलं तर दहा किटं जास्तीची जातील. ही उपाशी राहिली तर काय सांगशील?’

‘फसवून घ्यायची तुम्हाला हौस. मला नाही.’

‘सुलभे, तुझ्या दारात बिस्किटवाले आले तेव्हा कसं वाटलं होतं ते विसरलीस?’

ते बोलायला नको होतं तुम्ही. खरं होतं म्हणूनच नको होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही थंड आवाजात म्हणालात, ‘उद्या एक किट घेऊन जा. तिच्या हातात दे आणि सांग, माझं चुकलं.’ मी म्हटलं, इतकी वर्षं शाळेत माझी एक यादी चुकली नाही, एका किटासाठी मी कुणाच्या पाया पडायला जाणार नाही. तुम्ही म्हणालात, ‘बरं.’ त्या बाईसारखंच. मी पर्स उचलली आणि डोंबिवलीला आले.

त्यानंतर आपण बोलत राहिलो, पण कसं. टेम्पो किती वाजता, ताडपत्र्या किती, चादरी आल्या का. दिवाळीत तुम्ही आलात, चकल्या चांगल्या झाल्यात म्हणालात, मी थँक्यू म्हटलं. थँक्यू, तुम्हाला. तुमच्या भावानं तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की मी उठून आत गेले. त्या बाईला पुढे काही मिळालं की नाही, हे मी गोडाऊनमध्ये कुणालाही विचारलं नाही. विचारलं असतं आणि नाही असं उत्तर आलं असतं तर मला जावं लागलं असतं.

मग हॉस्पिटल. दोन दुपारी मी तुमच्या उशाशी होते. तुम्ही शुद्धीवर होतात, सिस्टरला मराठी शब्दकोडं सोडवायला शिकवत होतात. दुसऱ्या दुपारी सिस्टर बाहेर गेल्यावर तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, ‘खाडीवर गेलेलीस का गं?’ मला कळलं कुठलं ते. मी म्हटलं, ‘आधी बऱ्या व्हा, मग भांडू.’ तुम्ही हसलात. मला वाटलं, वेळ आहे. वन्सं, मला खरंच वाटलं वेळ आहे. संध्याकाळी तुमचा भाऊ आला, मी घरी गेले, आणि पहाटे त्याचाच फोन आला.

तेराव्याला इतकी माणसं आली होती की जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. कुणाला तुम्ही पाणी उपसायला पंप मिळवून दिलेला, कुणाच्या पोराची वाहून गेलेली दहावीची सर्टिफिकेटं बोर्डाकडून काढून दिलेली. प्रत्येक जण मला सांगत होता, तुमच्या नणंदबाई देवमाणूस. मी मान हलवत होते आणि डोक्यात एकच, ती पडवीतली बाई.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनमधून एक किट घेतलं आणि रिक्षा करून खाडीवर गेले. आठ महिन्यांनी पुराचं किट. रिक्षात बसल्यावर त्यातला वेडेपणा कळला, पण रिकाम्या हातानं जायची माझी हिंमत नव्हती. घर सापडलं. बाजूच्या बोळातून मागे गेले. पत्र्याची पडवी, एक खाट, गॅसची छोटी शेगडी, सगळं लख्ख. ती बाई भाकऱ्या थापत होती. ताराबाई नाव तिचं. हे नावसुद्धा मला तेव्हा कळलं.

मी ओळख सांगायच्या आत ती म्हणाली, ‘तुमी यादीवाल्या ना? या. बसा.’

मी पाठ केलेलं वाक्य बोलणार, तर तिची नजर किटवर गेली. ‘हे कशाला आता? तेव्हा मिळालेलं की मला. दुसऱ्याच दिवशी सकाळी तुमच्या नणंदबाई घेऊन आलेल्या. अंगात ताप, ड्रायव्हरनं हाताला धरून आणलेलं. बोलल्या, यादी मी सांगितली तशी केली, चूक माझी हाय. माझ्या भावजयीला चुकल्यासारखं झालंय, तिनंच पाठवलंय.’

वन्सं, मी त्या खाटेवर बसले. माझी चूक अंगावर घेतलीत, वर देण्याचं पुण्य माझ्या नावावर टाकलंत, आणि मला पत्ता लागू दिला नाहीत. आठ महिने मी तुम्हाला अडेलतट्टू समजत होते. सगळ्यात सोपं होतं ते म्हणजे मान हलवायची, हो म्हणायचं, भाकरी खायची आणि निघायचं. ताराबाई माझ्याकडे बघून हसतही होती. तुम्ही माझ्यासाठी वाट इतकी गुळगुळीत करून ठेवली होती की नुसतं घसरायचं होतं.

मी म्हटलं, ‘मी नव्हतं पाठवलं. त्यांनी मला जा म्हटलं होतं, मी गेले नाही. यादी मीच केली होती. तुमच्या पडवीपर्यंत मी आलेच नव्हते, चिखल होता म्हणून. चुकलं माझं.’

ताराबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, ‘ठाऊक हाय मला. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. सारख्या इकडंतिकडं बघत होत्या. मी पण ताणलं नाय, बाईला उभं राहवत नव्हतं.’ मग म्हणाली, ‘त्या दिवशी मला किटाचं एवढं नाय वाटलं. जावेसमोर बोललात ना तुमी, घरातल्या घरात वाटून घ्या. आमी चार वर्षं बोलत नव्हतो. दुसऱ्या दिवशी तुमच्या नणंदबाई तिच्यासमोरच माझ्या दारात बसल्या. तेव्हा बरं वाटलं.’

 तिनं भाकरी ताटलीत वाढली, सुक्या मासळीची चटणी ठेवली आणि विचारलं, ‘त्या नाय आल्या? बऱ्या हायत ना?’

मी सांगितलं. तिनं शेगडी बंद केली, पिठाचे हात धुतले आणि माझ्या शेजारी खाटेवर येऊन बसली.  घराच्या मागच्या दारातून जाऊ डोकावली आणि परत आत गेली.

मी निघाले तेव्हा ताराबाई बोळाच्या तोंडापर्यंत आली. ‘मला बोललात ते बरं केलंत,’ म्हणाली. ‘त्यांना बोललेलात का?’

मी नाही म्हटलं. तिनं रिक्षा थांबवून दिली.

रिक्षात बसल्यापासून घरी येईपर्यंत मी तुमच्याशी भांडत होते. यादीचं तुमचं बरोबर होतं, मान्य. फसवलं तर फसवू देत, तेही मान्य. पण मला न सांगता परस्पर गेलात, माझ्या नावानं खोटं बोललात, ते मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. माझ्या घराच्या दारात मला मालकीण करून बसवणाऱ्या तुम्ही, मला खाडीवर तोंड दाखवायची लाज वाटेल म्हणून माझ्या आधी जाऊन आलात. इतकी काळजी होती तर एक फोन करायचा होता. मी तणतणले असते, फोन आपटला असता, आणि दुसऱ्या दिवशी आले असते. आले असते वन्सं, तुम्हाला माहीत होतं ते.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देते. गेले होते खाडीवर. तिला जे सांगितलं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. चुकलं माझं. आठ महिने मी तुमच्याशी चादरी नि ताडपत्र्याच बोलत राहिले, तेही चुकलं. झालं माझं बोलून. आता तुम्ही बोला.